कडेवरचं बाळ आणि अंगणातला पट



आज घरच्या घरी करायच्या खेळांविषयी बोलू. गेल्या महिन्यात केंद्रावर जे फोन आले त्यांत हा विषय सारखा येत होता. मूल मोबाईल दिल्याशिवाय जेवत नाही, काढून घेतला की जमिनीवर लोळतं, आणि बाजारातून आणलेली गाडी दोन दिवसांत मोडते. एका बाईंनी विचारलं, "ताई, स्वस्तातलं आणि न मोडणारं खेळणं कुठं मिळतं?" तसं खेळणं आम्हालाही अजून कुठं मिळालेलं नाही. घरी केलेलंही मोडतंच. पण ते मोडलं की मूल फार वेळ रडत नाही. ते कसं केलं होतं हे त्यानं पाहिलेलं असतं, म्हणून "पुन्हा कर" म्हणतं.

मोबाईलचं थोडक्यात सांगून पुढं जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नको, वर्ष ते दोन वर्षांच्या मुलालाही नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त नको, असं त्यांत सांगितलं आहे. हे आम्ही सांगितलं की बायका माना डोलावतात आणि विचारतात, "मग स्वयंपाक होईपर्यंत काय करायचं?" प्रश्न बरोबर आहे. मोबाईल काढून घेतला तर त्या जागी दुसरं काही द्यावं लागतं, आणि ते घेऊन मुलाजवळ कुणीतरी बसावं लागतं. हे बसणारं माणूस बहुतेक घरांत आई नसते. ती रानात असते, नाहीतर चुलीपुढं. बसते ती थोरली बहीण.

ही गोष्ट आमच्याही लक्षात उशिराच आली. दिवाळीनंतर आम्ही गावाबाहेरच्या एका वस्तीवर मुलांना खेळ शिकवायला गेलो होतो. लगोरी मांडली, चिंध्यांचा चेंडू दिला, पोरं तुटून पडली. कडेला एक नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी होती, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. आम्ही म्हटलं, "तू ये की गं." ती म्हणाली, "मावशी, आले असते. पण ह्याला कुठं ठेवू? खाली सोडला की माती खातोय." आम्ही पाच खेळ घेऊन गेलो होतो आणि पाचांतला एकही तिच्यासाठी नव्हता. बाळासाठी खुळखुळा होता, तो आम्ही तिच्याच हातात दिला. म्हणजे तिच्या कामात भरच घातली.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे काम उभं केलं ते पुष्कळ जणींना ठाऊक असेल. १९४५ साली बोर्डीला सुरुवात झाली, १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. शिंपले, बिया, खडे, पानं, जे आजूबाजूला मिळतं त्यातून त्यांनी शिकवायचं साहित्य केलं. ते आपण नेहमी सांगतो. पण त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. आदिवासी पाड्यावरची मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्याकडे धाकटं भावंड असतं. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. धाकट्याची सोय झाली तर थोरली शिकेल, इतका साधा हिशोब त्यामागं होता. खेळाचंही तेच आहे, असं आम्हाला वाटतं. त्या दिवसापासून कोणताही खेळ सांगण्याआधी आम्ही एकमेकींना विचारतो, कडेवर बाळ असलेल्या पोरीला हा खेळता येईल का?

आपल्या जुन्या खेळांत याची सोय आहेच. लहान मूल खेळायला आलं तर त्याला काय म्हणतात? लिंबू-टिंबू. कुठं कच्चं लिंबू म्हणतात. ते खेळात असतं, पळतं, ओरडतं, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कुणी छापलेला नाही, तरी गावोगावच्या मुलांना माहीत आहे. आम्ही एवढंच केलं की जे खेळ बसून खेळायचे त्यांतही लिंबू-टिंबूला जागा करून दिली.

त्यांतला आमचा आवडता म्हणजे पट. कुणी त्याला अष्टा-चंगा म्हणतं, कुणी चौका-अष्टा. आजी-पणजीनं खेळलेला खेळ आहे, पण अलीकडे पुष्कळ घरांतून गेला, म्हणून नीट सांगतो. ऐकता ऐकता कागदावर काढत चला.

एक मोठा चौकोन काढा आणि त्यात पाच ओळींत पाच-पाच घरं पाडा. एकूण घरं पंचवीस. प्रत्येक बाजूच्या मधल्या घरात फुली मारा आणि अगदी मधोमधच्या घरातही मारा. अशा पाच फुल्या झाल्या. खेळणारे दोन, तीन किंवा चार. आपल्या बाजूची फुली हे आपलं घर, तिथून निघायचं. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. खडे, बटणं, डाव्या-उजव्या हाताला जे सापडेल ते, फक्त प्रत्येकाचा रंग वेगळा हवा. फाशाऐवजी चिंचोके. दोन चिंचोके फोडून चार डाळी करा. प्रत्येक डाळीची एक बाजू तपकिरी, एक पांढरी. चारही डाळी हातात खुळखुळवून टाकायच्या आणि किती पांढऱ्या वर आल्या ते मोजायचं. एक पांढरी तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन. चारही पांढऱ्या आल्या तर चौका, म्हणजे चार. एकही पांढरी नाही, सगळ्या तपकिरी, तर अष्टा, म्हणजे आठ. चौका किंवा अष्टा पडला की आणखी एकदा टाकायला मिळतं.

आता वाट. बाहेरच्या रांगेत सोळा घरं आहेत. त्यांतून घड्याळाच्या उलट दिशेनं फिरायचं. पूर्ण फेरी होत आली, आपल्या घराच्या अलीकडं पोचलं, की आतल्या आठ घरांच्या रांगेत शिरायचं आणि तिथं दिशा बदलायची, घड्याळाच्या दिशेनं जायचं. ती फेरी संपली की मधली फुली. चारही सोंगट्या मधे पोचल्या की जिंकलं. वाटेत दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली सोंगटी पडली तर ती मेली, तिनं आपल्या घरी परत जाऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. फुलीच्या घरात मात्र कुणी कुणाला मारत नाही. आमच्या भागात आणखी एक नियम आहे: एकतरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. तो ठेवायचा की नाही हे मुलांना ठरवू द्या. खेळापेक्षा नियम ठरवण्यातच त्यांचा जास्त वेळ जातो, आणि तो वाया जात नाही. मोजणं, वाट पाहणं, आपली मेलेली सोंगटी निमूट परत नेणं, हे सगळं तिथंच होतं.

हा झाला ओसरीवरचा पट. पण चिंचोक्यांचा पट आणि दीड वर्षाचं बाळ एका जागी ठेवता येत नाही. का, ते पुढं सांगतो. म्हणून आम्ही पट अंगणात नेला. चुन्यानं नाहीतर खडूनं मोठा पट आखला, एकेक घर दीड फुटाचं. सगळा पट साडेसात फूट लांब-रुंद होतो, तेवढं अंगण बहुतेक घरांपुढं असतं. सोंगटी म्हणजे मूल स्वतः. प्रत्येक बाजूला एकच. चिंचोक्यांऐवजी नारळाच्या चार करवंट्या, कडा दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या. टोपलीत घालून हलवायच्या आणि टोपली उपडी करायची. उताण्या किती पडल्या ते मोजायचं. करवंटी बाळाच्या तोंडात मावत नाही, आणि करवंट्यांचा खडखडाट त्याला फार आवडतो. टोपली उपडी करायचं काम त्यालाच द्या. त्यात चूक होऊच शकत नाही. बहीण पटावर चालते तेव्हा बाळ कडेवर असतं, थोडं मोठं असेल तर बोट धरून. ती दोघं मिळून एक सोंगटी.

पहिल्या दिवशी मात्र मोठ्या माणसानं खेळायला हवं. हे आम्ही अनुभवानं सांगतो. नुसता पट आखून दिला आणि आम्ही निघून आलो त्या वस्तीवर दुसऱ्या दिवशी तिथं शेणी वाळत घातल्या होत्या. जिथं एक आजी पदर खोचून सोंगटी झाल्या, तिथं अजून खेळ चालू आहे.

पावसाळ्यात अंगण मिळत नाही. घरात बसून खेळायला आम्हाला दोन खेळ कामाचे वाटले. पहिला पिशवीचा. जुन्या परकराची नाडीची पिशवी शिवा. तिच्यात घरातल्या सात-आठ वस्तू घाला: पळी, कांदा, भेंडी, कुलूप, कंगवा, मक्याचं कणीस. न बघता हात घालायचा आणि चाचपून ओळखायचं. थोरलीनं मनातल्या मनात वस्तू धरून तिचं वर्णन करायचं, "गार आहे, जड आहे, एका बाजूला भोक आहे," आणि बाकीच्यांनी ओळखायचं. दीड-दोन वर्षांच्याला ओळखायचं काही नसतं. त्यानं पिशवीतून एकेक वस्तू बाहेर काढायची आणि परत भरायची. या वयात काढणं आणि भरणं हाच मोठा खेळ असतो. आमच्या गटातल्या एका मुलीला दिसत नाही. या खेळात ती सगळ्यांना हरवते. तिच्याशी खेळताना बाकीची मुलं आपणहून डोळे बांधून घेतात.

दुसरा खेळ जोड्यांचा. लग्नसराई संपली की घरात पत्रिकांचा ढीग साचतो. जाड कागद, मागची बाजू कोरी. गणपतीचं चित्र असलेला भाग कापायला कुणाचं मन होत नाही, तो बाजूला काढून ठेवा. उरलेल्याचे सारख्या मापाचे बारा पत्ते कापा. कोऱ्या बाजूवर सहा चित्रं दोन-दोनदा काढायची आणि छापील बाजू मागं राहील. सगळ्या छापील बाजू सारख्या दिसत नसतील तर त्यांवर वर्तमानपत्र चिकटवा. पत्ते पालथे मांडायचे, एका वेळी दोन उलटायचे, जोडी जमली तर आपली, नाहीतर होते तिथंच परत पालथे. चित्रं मुलांनाच काढू द्या. आमच्याकडे एकानं विळा काढला आणि दुसऱ्यानं चंद्र, ते दोन्ही हुबेहूब सारखे निघाले आणि बराच वेळ भांडण चाललं. शेवटी विळ्याला मूठ काढली. सहा जोड्या जमायला लागल्या की आठ करा, मग दहा.

मातीविषयी एक. कणकेत मीठ घालून खेळायची माती करायची कृती पुष्कळ ठिकाणी सांगतात. चांगली होते, पण आम्ही ती शिकवत नाही. ज्या घरात पीठ मोजून घेतात तिथं आजीसमोर कणकेचे बैल करून टाकून द्यायचे, हे पटत नाही. पोळ्याच्या बैलांना जी माती आणता तीच आणा, चाळा, भिजवा. कुत्र्या-मांजरांनी घाण केलेल्या जागेची नको, आणि खेळून झालं की साबणानं हात धुवायचे, एवढं पाळा.

आता तो चिंचोक्यांचा मुद्दा. हे आम्ही आमची चूक म्हणून सांगतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्याच बैठकीत आम्ही बायका पट मांडून बसलो होतो, हसण्या-खिदळण्यात रंगलो होतो. एकीच्या अडीच वर्षांच्या नातवानं चिंचोका नाकात घातला. आम्ही काय केलं? केसातली पिन काढली आणि तो बाहेर ओढायला गेलो. तो आणखी आत गेला. डॉक्टरांनी तो दोन मिनिटांत काढला आणि मग आम्हाला बराच वेळ ऐकवलं, ते योग्यच होतं. बी ओलाव्यानं फुगते, म्हणून वाट पाहत बसायचं नाही. आणि पिन, काडी, चिमटा काही घालायचं नाही. सरळ दवाखाना.

नाकात गेलं ते आमचं नशीब. घशात गेलं असतं तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळाला नसता. म्हणून एक माप करून घरात टांगून ठेवा. पुठ्ठ्याला साडेचार सेंटिमीटर रुंदीचं गोल भोक पाडा. त्यातून जी वस्तू पार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाजवळ ठेवायची नाही. चिंचोके, सागरगोटे, मणी, बटणं, गोट्या, सगळं त्यातून जातं. मोठी मुलं हे खेळ खेळणारच, खेळावेत. पण बाळ झोपलेलं असताना, आणि उठण्याआधी मोजून डब्यात. चार डाळी घेतल्या होत्या तर चारच परत डब्यात गेल्या पाहिजेत. मापात न बसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या लक्षात ठेवा. फुगा: फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात चिकटून बसतो. आणि गाणी वाजवणाऱ्या खेळण्यांतले बटणासारखे चपटे सेल: ते गिळले तर अन्ननलिका दोन तासांतसुद्धा भाजू शकते. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका.

घशात काही अडकलं आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर त्याला पुढं ओणवं करून दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच जोरदार थापट्या मारा, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली. वस्तू दिसत नसताना बोट घालून चाचपडू नका. थापट्यांनी निघालं नाही तर पुढं काय करायचं ते वयाप्रमाणे वेगळं आहे आणि ऐकून शिकण्यासारखं नाही. आम्ही आमच्या आरोग्यसेविकेला गटाच्या बैठकीत बोलावून बाहुलीवर करून दाखवायला लावलं. तुम्हीही बोलवा. आणि थोरल्या मुलीला त्या बैठकीला आणा, कारण त्या वेळी घरात तीच असणार.

बियांबद्दल आणखी एक. गुंजा दिसायला सुंदर, लालभडक, काळ्या ठिपक्याच्या. मुलं गोळा करतात, माळा करतात. गुंज चावली किंवा भोक पाडलेली गिळली तर जिवावर बेतू शकतं. एरंडाच्या बिया, कुंपणाला लावतात त्या मोगली एरंडाच्या बिया आणि धोतरा यांचंही तसंच. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात म्हणून मुलं त्या खातात आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात. मोजायला, खेळायला बिया हव्याच असतील तर चिंचोके, सीताफळाच्या नकोत, त्याही विषारी, आणि मोठ्या मुलांसाठीच.

धाकटं झोपलं की थोरलीला स्वतःचा वेळ मिळतो, तो भांडी घासण्यात जाऊ देऊ नका, निदान रोज तरी नको. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या ताटाची साल सोलून आतलं पांढरं भेंड काढायचं, सालीच्या काड्या भेंडात खोचून बैलगाडी करायची, हे आपल्यापैकी अनेकींनी केलं असेल. साल ब्लेडसारखी कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्या माणसानं करून द्यावं. याच चालीवर आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी वापरून अरविंद गुप्ता यांनी मुलांसाठी आकार जोडायचे खेळ केले. काड्यांचं गुल आधी खरवडून टाकायचं. पुण्याच्या आयुका संस्थेत त्यांनी अनेक वर्षं टाकाऊतून खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नळीचे छोटे तुकडे करून तीन काड्या जोडल्या की त्रिकोण होतो, चार जोडल्या की चौकोन. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. घराच्या छपराला आणि पुलाला त्रिकोण का असतात हे मुलीला तिथंच बसल्या जागी कळतं.

मधे आम्ही त्या पहिल्या वस्तीवर पुन्हा जाऊन आलो, पट आखून, करवंट्या घेऊन. ती मुलगी भावाला घेऊन सोंगटी झाली. दोन डावांनंतर तिनं नवा नियम काढला: ज्याच्या कडेवर बाळ असेल त्याला एक घर जास्त, कारण त्याला ओझं आहे. बाकीची पोरं आधी भांडली. मग एकेक जण घरी पळाला आणि आपापलं धाकटं भावंड उचलून घेऊन आला, त्यांत दोन मुलगे होते. शेवटच्या डावाला पटावर चार सोंगट्या होत्या आणि चार बाळं.

पुढच्या मंगळवारी चिंध्यांच्या बाहुल्या आणि लगोरीचा चेंडू. जुने पायमोजे आणि सुई-दोरा जवळ घेऊन बसा.